माझ्या ऑपरेशनची घरगुती तयारी

माझं ऑपरेशन व्हायच्या आधी आमच्या घरातली तीन माणसं ऑपरेशनसाठी एकदम तयार झाली होती. त्या तिघांत मी नव्हते.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं आणि माझ्या पायाखाली जादा ब्रेक. या कामाने माणसाला सबुरी येते म्हणतात. मला आली नाही. सिग्नलला गाडी बंद पाडणाऱ्यावर मी ओरडते, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांवर त्याहून जास्त ओरडते, आणि संध्याकाळी घरी येते तेव्हा घसा बसलेला असतो. अशा बाईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. सुईने तुकडा काढून तपासला आणि कर्करोगच आहे हे पक्कं झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलाय, काढून टाकू. मी विचारलं, कधी? त्या वेळी मला तेवढंच सुचलं.

ऑपरेशन करणारं हॉस्पिटल आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर आहे. रुग्णाला सारखे हेलपाटे नकोत म्हणून त्यांनी एक सोय केली होती. तयारी रुग्णाने घरी करायची आणि त्यांनी ती तिकडून बघायची. त्यासाठी एक खोका घरी आला. त्यात स्टँडसकट टॅब होता, मनगटावर बांधायचा पट्टा होता आणि तीन निळ्या चेंडूंचं एक प्लास्टिकचं यंत्र होतं. पट्टा चालणं, नाडी आणि झोप मोजणार. यंत्राच्या नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर चढणार. टॅबसमोर उभं राहून भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, म्हणजे नंतर खांदा आखडणार नाही. शिवाय रोज थोडे प्रश्न यायचे, त्यांची उत्तरं टॅबवरच द्यायची.

आठवड्यातून एकदा तिथली सिस्टर पडद्यावर येऊन बोलायची. केस घट्ट बांधलेले, आवाज मऊ, मागे एक लोखंडी कपाट. तिने पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की तयारी चांगली झाली तर तारीख पक्की, नाही तर तारीख पुढे. मला ती गाठ ठरल्यापेक्षा एक दिवसही जास्त अंगावर नको होती. अंघोळ करताना मी खाली बघणंच सोडून दिलं होतं. छताकडे बघत साबण लावायचे आणि टॉवेल गुंडाळूनच मान खाली घ्यायचे.

आता घरातल्यांची ओळख करून देते. माझा नवरा पोहण्याच्या तलावावर शिक्षक आहे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. गळ्यात शिट्टी, बोलणं कमी. मग माझ्या सासूबाई, त्यांना मी आई म्हणते. आणि मोठी नणंद, म्हणजे वन्सं. त्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि घरातही त्याच हुद्द्यावर असतात. आमच्याकडे आजवर एकाही माणसाने एकही काम एकट्याने केलेलं नाही. बल्ब बदलायचा असला तर मास्तर स्टूल धरतात, वन्सं बटणापाशी उभ्या राहतात, बल्ब कुठल्या बाजूला फिरवायचा ते आई सांगतात, आणि मी चढते.

तेव्हा खोका उघडला की काम वाटलं जाणार हे ठरलेलंच होतं.

सुरुवात आईंनी केली. मी दिवसभर गाडीत घसा फोडून आले होते आणि चप्पल घालून परत चालायला निघाले होते. त्या म्हणाल्या, मी खाली जातेच आहे, आण तो पट्टा, तेवढीच तुला विश्रांती. पट्टा त्यांच्या मनगटावर गेला आणि मला एकदम हलकं वाटलं. खरं सांगते, आजारच थोडा वेळ त्यांच्या हातावर गेला असं वाटलं. मग मास्तरांनी यंत्र उचललं, कारण मी एकच चेंडू हलवून धापा टाकत होते आणि त्यांना ते बघवेना. भिंतीवरचा व्यायाम वन्संनी घेतला. त्यांचं म्हणणं असं की त्या उंच आहेत आणि टॅबच्या कॅमेऱ्याला हात हवाय, हात कुणाचा आहे हे तो विचारत नाही. प्रश्नांची उत्तरंही त्यांनीच घेतली, कारण लेखी कामाची घरात त्यांनाच सवय. थोड्याच दिवसांत वाटणी पुरी झाली. माझ्याकडे उरला तो फक्त आजार.

माझ्याकडे एकदा एक गृहस्थ आले होते. सगळे धडे त्यांनी आपल्या मेहुण्याला घ्यायला पाठवलं आणि चाचणीला स्वतः येऊन बसले. त्यांना मी भर रस्त्यात काय काय ऐकवलं होतं ते मला या काळात अधूनमधून आठवायचं. मग मी दुसरं काहीतरी आठवायचे.

तिकडे सिस्टरच्या पडद्यावर एक अजब बाई तयार होत होती. तिची फुफ्फुसं तलावावरच्या माणसाची होती, पाय पंचाहत्तरीच्या पुढचे होते, आणि हात कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत पोहोचत होते. सिस्टर आनंदून गेली होती. श्वासाचे आकडे बघून तिने विचारलं, तुम्ही पोहता का? मी म्हटलं, घरात पोहतात. तिला वाटलं घरातच तलाव आहे. तिने ते लिहून घेतलं.

एकच गोष्ट तिला छळत होती. माझी नाडी रोज दुपारी अचानक दुप्पट का होते? पायऱ्या चढता का, कसली भीती वाटते का, रडू येतं का, असं तिने फार मायेने विचारलं. मी कपाळाला हात लावला. दुपारी आई खालच्या मजल्यावरच्या बाईशी कुंड्यांवरून भांडतात. कुंड्या जिन्यात ठेवायच्या की नाही यावर ते भांडण कित्येक वर्षं चालू आहे आणि दोघींनाही ते संपवायचं नाही. मी सांगितलं की दुपारी मला जरा विचार येतात. सिस्टरने दुपारी डोळे मिटून शांत संगीत ऐकायला सांगितलं. आईंनी तेही मनावर घेतलं. कानात संगीत लावून त्या भांडायला जाऊ लागल्या, आणि समोरचीचं काहीच ऐकू येत नसल्यामुळे जिंकू लागल्या.

वन्संचं वेगळंच. 'आज मन कसं आहे?' या प्रश्नाला त्या रोज 'समाधानकारक' असं उत्तर द्यायच्या. 'कशाची काळजी वाटते?' याला 'बाब विचाराधीन आहे'. ऑपरेशननंतर काखेपाशी एक नळी आणि तिला एक बाटली लावतात, पाझरणारं पाणी त्यात जमतं. ती बाटली सांभाळून उठायचं कसं, बसायचं कसं याचा सराव करा, असं सिस्टरने सांगितलं, तर वन्सं कुर्त्याच्या आत पाण्याची बाटली टाचून कचेरीत गेल्या. संध्याकाळी आल्या त्या सरळ आडव्याच झाल्या. डावी बाजू ठणकतेय म्हणाल्या. मी त्यांना उशी दिली, चहा करून दिला आणि खांद्याला मलमही चोळून दिलं. चोळता चोळता मला हसू यायला लागलं आणि ते नको तितका वेळ येत राहिलं.

मग कहर झाला. माझे आकडे इतके चांगले होते की सिस्टरने मला बाकीच्या रुग्णांपुढे उभं करायचं ठरवलं. पडद्यावर सगळ्याजणी एकदम येणार, मी यंत्र वापरून दाखवणार आणि दोन शब्द बोलणार. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं.

मास्तरांनी तलावावरून एक लांब रबरी नळी आणली आणि यंत्राला जोडली. जेवणाच्या टेबलावर मोठी चादर टाकली आणि ते त्या नळीचं दुसरं टोक घेऊन टेबलाखाली बसले. माझ्या तोंडात द्यायची नळी नुसती देखाव्याची, ती चादरीखाली कशालाच जोडलेली नव्हती. खूण अशी ठरली की मी पाय दाबला की त्यांनी श्वास ओढायचा, आणि सोडला की थांबायचं. आई आणि वन्सं टॅबच्या मागे प्रेक्षक म्हणून उभ्या.

पडद्यावर दहा-बारा चौकोन उघडले. त्यात बायका होत्या. कुणी डोक्याला रुमाल बांधलेली, कुणी मांडीवर नातू घेतलेली, एक तर दुकानाच्या गल्ल्यावर बसून बघत होती. सगळ्याजणी माझ्याकडे इतक्या आशेने बघत होत्या की मी पाय घाबरलेल्या शिकाऊ माणसाच्या शेजारी बसल्यावर दाबते तसा करकचून दाबला. तिन्ही चेंडू ताडकन वर गेले. माझी नळी अजून तोंडाला लागलीही नव्हती. मी घाईने ती लावली, काढली, आणि भाषण सुरू केलं. हळूहळू जमतं, धीर सोडू नका, असं काहीबाही. पाय उचलायचं मात्र मी साफ विसरले. मास्तर शब्दाचे पक्के. चेंडू वरच.

रुमालवाल्या बाईने विचारलं, "या बोलतायत, तरी चेंडू वर कसे?"

सिस्टर म्हणाली की चित्र मागे राहतंय, नेटवर्कचं असं होतं. तेवढ्यात टेबल हललं आणि खालून असा खोकला आला की चादर उडाली. सिस्टरने दचकून विचारलं, काय झालं? आईंनी मागून उत्तर दिलं, कुत्रा. आमच्याकडे कुत्रा नाही. पण त्या दिवसापासून सिस्टरच्या नोंदीत तो आला. जखमेपासून त्याला लांब कसं ठेवणार, लस टोचलीय का, पलंगावर चढतो का, हे ती दर भेटीत विचारू लागली. वन्संनी त्याचं वयसुद्धा कळवून टाकलं.

आम्ही त्या रात्री जेवताना हसून हसून लोळलो. मास्तर लालबुंद होऊन हसत होते. मीही हसत होते, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की त्या चौकोनांतल्या बायकांपैकी निम्म्याजणी आता स्वतःच्या एका चेंडूकडे बघून खचल्या असतील. मग मी ताट बाजूला सारलं. पण तेव्हाही मी काही बोलले नाही. तारीख जवळ येत होती आणि मला ती हवी होती.

शेवटची भेट सकाळची होती. सिस्टर जरा नटूनच बसली होती. तिच्याकडे चांगली बातमी होती. तिने ती वाचून दाखवली.

"ताई, तुमची तब्येत इतकी उत्तम आहे की डॉक्टरांनी मोठं ऑपरेशन एकाच वेळी करायचं ठरवलंय. स्तन काढायचा, आणि पाठीचा स्नायू पुढे आणून तिथेच नवा तयार करायचा. वेळ बराच लागेल, पण तुमची फुफ्फुसं आणि हृदय ते सहज पेलतील. तुम्ही तसं कळवलंच होतं ना, नवा हवाय म्हणून."

मी विचारलं, मी कळवलं होतं? ती म्हणाली, हो, लेखी.

मी टॅबवरून नजर काढून मागे बघितलं. तिघंही ओळीने उभे होते. वन्संचं लक्ष पंख्याकडे होतं. मी सिस्टरला जरा थांबायला सांगितलं, आवाज बंद केला आणि विचारलं की हे कधी झालं. वन्संनी सांगितलं की तो प्रश्न एका दुपारी आला, उत्तराची मुदत संध्याकाळपर्यंतची होती, मी कामावर होते, आणि मुदत चुकवणं त्यांच्या रक्तात नाही. म्हणून त्यांनी घरात मतं घेतली. स्वतःचं मत हो, कारण विम्यात बसत होतं. आईंचं हो, कारण कपडे नीट बसायला हवेत आणि लोक बघतात. शेवटी मास्तरांनीही हो म्हटलं. का, असं मी त्यांना विचारलं. नको म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं की मला तुझं काही पडलेलं नाही, असं ते जमिनीकडे बघत म्हणाले.

मला इतका राग आला की माझा पाय टेबलाखाली ब्रेक शोधू लागला. रागाचं कारण त्यांनी उत्तर दिलं एवढंच नव्हतं. माझ्यापाशी त्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. कितीतरी दिवसांपासून होतं. एक शिकाऊ उतरून दुसरा चढेपर्यंत मी गाडीत एकटी असायचे तेव्हा मी तेवढाच विचार करायचे. घरात तयारीचा नुसता धुडगूस चालला होता, सगळ्यांनी माझ्यासाठी घाम गाळला, आणि मला हे कुणी विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होणार होतं.

आणि आता गप्प बसले तर काय होणार तेही मला दिसत होतं. मास्तरांच्या फुफ्फुसांच्या आणि आईंच्या हृदयाच्या भरवशावर मला त्या लांबलचक ऑपरेशनसाठी झोपवणार होते. आणि खरं बोलले तर तारीख जाणार होती.

मी तिघांना खोलीबाहेर काढलं. वन्सं म्हणाल्या, वहिनी, बोलायला कुणीतरी हवं बरोबर. मी म्हटलं, मी आहे. दार लावून घेतलं आणि टॅबचा आवाज सुरू केला.

"सिस्टर, मला नवा नको. काढा आणि सपाट शिवून टाका. हे मी सांगतेय. मी स्वतः."

ती वही सरसावून बसली. घाई नाही, कारण सांगितलंत तरी चालेल, नाही सांगितलंत तरी चालेल, असं ती म्हणाली. मी सांगितलं. म्हटलं, गाडी मागे घेताना मी पूर्ण पाठ वळवून बघते. नुसत्या आरशावर विसंबणाऱ्यांना मी झापते. ती पाठ मला जशी आहे तशी हवी. हे झालं कामाचं. आणि दुसरं म्हणजे, मला माझा हा स्तन आवडतो. फार आवडतो. तो चालला याचं मला इतकं वाईट वाटतंय की मी महिनाभर त्याच्याकडे बघितलेलं नाही. त्याच्या जागी दुसरा आणून बसवला आणि सगळं पूर्वीसारखं आहे असं म्हणत मी रोज कपडे घालायचे, हे मला जमणार नाही. बोलता बोलता मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

मग मी नाक पुसलं आणि बाकीचं सांगितलं. तिने ते ऐकलं, पेन खाली ठेवलं, परत उचललं.

"फुफ्फुसं कुणाची म्हणालात?"

"नवऱ्याची."

"आणि नाडी?"

"सासूबाईंची. दुपारी त्या भांडतात."

"हात?"

"नणंदेचा."

"मग यात तुमचं काय आहे, ताई?"

"गाठ."

तिने आपले कागद उलटत एका नोंदीवर बोट ठेवलं. मग हळूच तिने विचारलं, आणि कुत्रा? मी म्हटलं, कुत्रा नाहीच. बाकी सगळं तिने शांतपणे पचवलं होतं, पण कुत्र्याचं ऐकून तिचा चेहरा उतरला. तिने त्याच्यासाठी लसीची माहिती काढून ठेवली होती.

त्यानंतर तिचा मऊ आवाज गेला. मी शिकाऊंवर काढते तसा आवाज तिने काढला आणि मला यंत्र घ्यायला सांगितलं. मी श्वास ओढला. एक चेंडू चढला, दुसरा उडी मारून खाली बसला, तिसरा जागचा हलला नाही. पुन्हा, ती म्हणाली. पुन्हा तेच. भिंतीपाशी उभं केलं. वन्संची बोटं पोहोचायची तिथून वीतभर खालीच माझी थांबली. छातीत धडधड होत होती, पायांत गोळे आले होते, आणि मला लाज वाटत होती. पण ते सगळं माझं होतं एवढं खरं.

शेवटी ती म्हणाली की साध्या ऑपरेशनला इतकं बळ लागत नाही. डॉक्टरांशी ती आजच बोलणार होती. तारीख तिने खोडली नाही, पण उरलेले दिवस ती रोज पडद्यावर येणार, कॅमेरा चालू, आणि सगळं माझ्याकडून करून घेणार. सुधारणा दिसली तर तारीख तीच. नाही दिसली तर ती स्वतःच्या हाताने ती पुढे टाकेल. आणि त्या बायकांसमोर मला परत यावं लागेल, एका चेंडूसकट. मी हो म्हटलं.

"आणि पट्टा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

मी दार उघडलं. तिघंही दाराला कान लावून उभे असणार, कारण दार उघडताच वन्सं आत कोलमडल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, म्हणून मला काही परत सांगावं लागलं नाही. वन्संनी टॅबचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कसला तरी कार्यभार सोडला असेल. मास्तरांनी यंत्राचं तोंड गरम पाण्याने धुऊन आणलं. माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "मला सपाट चालेल. तूच हवीस." इतकं लांब वाक्य ते सहसा बोलत नाहीत. मग तोंड धुवायला म्हणून न्हाणीघरात गेले आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

आई मात्र जागच्या हलल्या नाहीत. मी हात पुढे केला तर त्यांनी पट्ट्याचं मनगट पाठीमागे लपवलं.

मी म्हटलं, आई, द्या. सिस्टर वाट बघतेय.

त्या म्हणाल्या, माझी झोप त्यात आहे, माझं चालणं त्यात आहे, परवा तर तो पट्टा मला शाबासकी देत होता. मी पुन्हा म्हटलं, द्या. तेव्हा त्या आपल्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. पलंगाखाली एक पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्यात दोन गाऊन होते, पुढून उघडणारे, सिस्टरने सांगितले होते तसले. टॉवेल, कंगवा, सपाता, आणि त्यांचा जादा चष्मा. माझ्या मापाचं त्यात काहीच नव्हतं.

"ही कुणाची तयारी?" मी विचारलं.

"मला वाटलं होतं," त्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाल्या, "आपलंच सगळं तिकडे जातंय. चालणं माझं, नाडी माझी. ऐन वेळी मीच जाऊन झोपले तर कुणाला काय कळणार आहे? माझं काय, जगून झालंय. वेडेपणा होता गं. पण मी पिशवी भरली."

मी त्यांच्या शेजारी पलंगावर बसले. त्यांनी चाचपडत पट्ट्याचं बक्कल काढलं आणि पट्टा माझ्या मनगटावर बांधला. त्यांच्या मनगटावर पट्ट्याच्या जागी एक पांढरी रेघ राहिली होती, तिच्यावर त्या अंगठा फिरवत बसल्या. मी तिथेच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले. त्याही रडल्या. पट्ट्याने ते सगळं मोजलं असेल.

मग मी उठले, चप्पल घातली आणि जिन्याकडे निघाले. आई माझ्यामागे आल्या आणि त्यांनी माझा दंड धरला.

"हळू चाल," त्या म्हणाल्या. "तुला सवय नाही."